ध्रुवावर नेमकं कोणाला जायचंय?

प्रश्न : माझी मुलगी कराडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय भौतिकशास्त्र, पहिल्या वर्षी ७४ टक्के. ध्रुवीय समुद्रावरचा बर्फ आणि त्यावर साठणारं हिम यांचा बारमाही अभ्यास हे क्षेत्र मी तिच्यासाठी ठरवलं आहे. हिवाळाभर तिथे राहणारी ती पहिली मराठी मुलगी व्हावी, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी रोज पहाटे थंड पाण्याने अंघोळ, रविवारी गड चढणं सुरू केलं आहे. मे महिन्यातला गिर्यारोहणाचा कोर्सही ठरवला आहे. थोडा दमा आहे, पण सवयीने जाईल. ती म्हणते थंडी सोसत नाही, उपग्रहाच्या नकाशांवर प्रोग्रॅम लिहायला आवडतं. पण घरात बसून ध्रुवाचा अभ्यास कसा होणार? कोणती परीक्षा द्यावी?
– एक वडील, कराड

उत्तर : नमस्कार. परीक्षांचं पुढे येईलच, आधी दम्याचं बोलू. दमा सवयीने जात नाही. थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात आणि धाप वाढते. पहाटेची ती अंघोळ आजच बंद करा, आणि छातीच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मे महिन्यात तिला कुठेही चढायला पाठवू नका. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेवर जाणाऱ्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते, आणि त्याला कारण आहे. तिथल्या उन्हाळ्यातलं शेवटचं जहाज परतलं की पुढचे कित्येक महिने आजारी माणसाला तिथून हलवणं महाकठीण असतं. शिवाय बर्फावर वावरण्याचं प्रशिक्षण निवड झालेल्यांना आयटीबीपीकडून (भारत-तिबेट सीमा पोलीस) उत्तराखंडातल्या औलीला मिळतं. त्यासाठी पदरचे पैसे भरून आधी गिर्यारोहक व्हावं लागत नाही.

आता तुमच्या पत्राबद्दल. त्यात ‘मी ठरवलं आहे’ आहे, ‘माझी इच्छा’ आहे. मुलीचं म्हणणं फक्त एका वाक्यात येतं, आणि त्याला लगेच तुमचा ‘पण’ जोडलेला आहे. मुलीला डॉक्टर, इंजिनिअर व्हायला लावणाऱ्या पालकांना आपण नावं ठेवतो. क्षेत्र वेगळं निवडलं म्हणून दडपण वेगळं होत नाही. उलट इथे तिला तक्रारही करता येत नाही, कारण बाहेरच्यांना वाटतं, किती पुढारलेले वडील! ‘पहिली’ या शब्दाचा हट्ट सोडा. नागपूरला जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या अदिती पंत १९८३ साली सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासोबत अंटार्क्टिकाला गेल्या. एक समुद्रशास्त्रज्ञ, दुसऱ्या भूशास्त्रज्ञ. इस्रोच्या मंगला मणी तर वयाच्या ५६व्या वर्षी अंटार्क्टिकातल्या भारती स्थानकावर वर्षाहून अधिक काळ राहिल्या, उपग्रहांची माहिती उतरवून घेणारं केंद्र चालवायला. तिघींना त्यांच्या कामाने तिथे नेलं. विक्रम आधी ठरवून मग काम शोधायचं, हा क्रम उलटा आहे.

तुमच्या पत्रातला मोठा गैरसमज असा, की बर्फाचा वर्षभर अभ्यास म्हणजे एका माणसाने वर्षभर बर्फावर राहणं. अलीकडचं सगळ्यात मोठं उदाहरण पाहा. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचं ‘पोलारश्टेर्न’ हे जहाज सप्टेंबर २०१९ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून निघालं आणि ऑक्टोबरात ८५ अंश उत्तरेच्या आसपास एका हिमतळाला, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या विस्तीर्ण तुकड्याला, बांधलं गेलं. पुढे बर्फ वाहील तिकडे तेही वाहत गेलं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये परतलं. मोहिमेचं नाव मोझेक. ही मोहीम पाच टप्प्यांत पार पडली आणि टप्प्याटप्प्याला माणसं बदलत होती. २०२०च्या मे महिन्यात कोविडमुळे माणसांची अदलाबदल करायला जहाजालाच काही आठवडे बर्फ सोडून जावं लागलं, तेव्हा बर्फात पेरलेली स्वयंचलित यंत्रं नोंदी घेत राहिली. जुलैअखेर मूळ हिमतळ फुटला आणि पुढचं काम दुसऱ्या तळावर झालं. म्हणजे वर्षाचा धागा अखंड ठेवला तो उपकरणांनी, उपग्रहांनी आणि त्या नोंदी बसून जुळवणाऱ्या माणसांनी. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या आपल्या ‘हिमाद्री’ स्थानकावरही डिसेंबर २०२३ पासून हिवाळी मोहिमा सुरू झाल्या आहेत. पण ते स्थानक जमिनीवर, फ्योर्डच्या (जमिनीत आत शिरलेल्या अरुंद खाडीच्या) काठाला आहे, गोठलेल्या समुद्रावर नाही.

‘घरात बसून’ होणारं काम किती निर्णायक असतं, याचा हिशेब भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनीला आवडेल. समुद्री बर्फाची जाडी उपग्रह थेट मोजत नाही. नासाचा आइससॅट-२ हा उपग्रह लेझरने हिमाचा वरचा पृष्ठभाग पाण्यापेक्षा किती उंच आहे ते मोजतो, आणि तरंगण्याच्या नियमावरून जाडी काढली जाते. समुद्राच्या पाण्याची घनता १०२४, बर्फाची ९१५, हिमाची ३२० किलो प्रति घनमीटर धरा. हिमाचा थर ५ सेंटीमीटरने कमी धरला, तर बर्फाची जाडी सुमारे ३२ सेंटीमीटरने जास्त येते. वर्षभरात जेमतेम दीड-दोन मीटर वाढणाऱ्या बर्फात ही चूक फार मोठी. म्हणून बर्फावर गेलेला माणूस तासन्‌तास चालत हिमाची खोली टोचून मोजतो. खड्डा खणून १०० घनसेंटीमीटरच्या साच्याने हिम कापतो आणि वजन करून घनता काढतो. बर्फाचा ९ सेंटीमीटर व्यासाचा गाभा ड्रिलने बाहेर काढला की लगेच ५ किंवा १० सेंटीमीटर अंतराने भोकं पाडून मध्यापर्यंतचं तापमान घ्यावं लागतं. उशीर झाला तर बाहेरच्या हवेने तापमान बदलतं आणि आतला खारा द्राव ठिबकून जातो. मग वितळवून मोजलेली क्षारता खरीपेक्षा कमी येते, आणि सर्वांत जास्त फटका खालच्या टोकाला बसतो. ही नोंद चुकली तर संगणकावरचा माणूस काही करू शकत नाही; संगणकावरचा माणूस नसला तर ती नोंद फाइलीत पडून राहते. यात वरचढ कोणी नाही.

आता थोडं थेट मुलीशी. तुला जे आवडतं, तेच या क्षेत्राचं मुख्य काम आहे. १९७८ च्या शेवटापासूनची समुद्री बर्फाच्या व्याप्तीची उपग्रह नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय हिम व बर्फ माहिती केंद्राकडून मोफत मिळते. ती सूक्ष्मलहरींवरून काढलेली आहे, म्हणून ध्रुवीय रात्रीतही मिळते आणि ढगांमुळे फारशी अडत नाही. पायथन वापरून आर्क्टिकची प्रत्येक सप्टेंबरची सरासरी व्याप्ती काढ : नकाशा चौकटींत विभागलेला असतो, ज्या चौकटीत १५ टक्के किंवा जास्त बर्फ आहे, तिचं क्षेत्रफळ धरायचं. नवशिक्याच्या चुका ठरलेल्या असतात. जमीन आणि किनाऱ्यासाठी दिलेले संकेतांक टक्केवारी म्हणून मोजले जातात. सगळ्या चौकटी बरोबर ६२५ चौरस किलोमीटरच्या धरल्या जातात; प्रत्यक्षात त्या अक्षांशानुसार बदलतात. आणि ध्रुवाभोवती उपग्रहाला न दिसणारं वर्तुळ १९८७ मध्ये उपग्रह बदलल्यावर लहान झालं. ते बर्फाने भरलेलं धरलं नाहीस तर आलेखात त्या वर्षी बर्फ अचानक वाढल्यासारखा दिसेल. उन्हाळ्यात बर्फावर साचलेलं पाणी उपग्रहाला उघडा समुद्र वाटतं, हेही ध्यानात ठेव. हे सगळं सांभाळून काढलेला एक आलेख तुझ्या ७४ टक्क्यांपेक्षा जास्त बोलेल.

वाट ओळखीची आहे : जॅम (आयआयटींसारख्या संस्थांतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) किंवा त्या त्या विद्यापीठाची प्रवेश प्रक्रिया, मग भौतिकशास्त्र, वातावरणविज्ञान किंवा समुद्रविज्ञानात एमएस्सी (पुणे आणि गोवा ही विद्यापीठं तुला जवळची), मग नेट किंवा गेट आणि पीएचडी. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना उन्हाळी प्रकल्पासाठी लिहिशील तेव्हा ‘मला ध्रुवांची लहानपणापासून ओढ आहे’ असं लिहू नकोस. तो आलेख, प्रोग्रॅमचा दुवा आणि तुला न सुटलेला एक प्रश्न, एवढंच एका पानात पाठव. पुढे कधी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि तुला वाटलं, तर उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांच्या मोहिमा असतात. नाही वाटलं तरी काही अडत नाही.

बाबा, कोर्सचे पैसे परत मिळत असतील तर घ्या. त्यात तिच्या लॅपटॉपची रॅम वाढेल आणि एखादी मोठी बाहेरची हार्डडिस्कही येईल. पुढे उपग्रहांच्या मोठ्या नोंदी साठवायला तिला ती उपयोगी पडेल.