कॅमेऱ्यावरचा टॉवेल

"मॅडम, आई कॅमेऱ्यावर टॉवेल टाकते. ती पडली तर मला पुण्यात कळणार कसं?" अशी विचारणा हल्ली वारंवार येते. या मुलाची आई ७८ वर्षांची, नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात एकटी राहते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगा म्हणाला, "आईला कसली आलीय प्रायव्हसी? दिवसभर दार सताड उघडं, शेजारीण थेट स्वयंपाकघरात!" हे मी बऱ्याच मुलांकडून ऐकते. पटत मात्र नाही.

म्हणून घरी गेले. मे महिना, बाहेर ४५ अंश. कूलर हॉलच्या खिडकीत, त्यामुळे काकूंचं झोपणं, बसणं, घामेजलेलं लुगडं बदलणं, सगळं हॉलमध्येच. आणि कॅमेरा टीव्हीच्या वर, बरोब्बर पलंगासमोर.

"शेजारीण येते तं फाटकाची कडी वाजवते, 'आहे का वं?' म्हणते. मी पदर सावरते," काकू म्हणाल्या. "हा कधी पाहून राहिला ते समजतच नाही ना! अन् जावईबी पाहत असन, काय माहीत."

मुलाला विचारलं, ॲप कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे? त्याच्या, सुनेच्या, बहिणीच्या. थोडं थांबून म्हणाला, "भाऊजींच्याही." हेतू कुणाचाच वाईट नव्हता. पण कडी वाजल्यापासून पदर सावरेपर्यंतचा वेळ, एवढाच काकूंचा आडोसा होता, आणि कॅमेऱ्याला कडी नाही.

पासवर्ड बदलला, ॲप फक्त मुलाकडे ठेवलं, आवाज बंद केला. स्वयंपाकघराच्या वाटेवर मोशन सेन्सर लावला. तो चित्र घेत नाही, अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखतो. सकाळी आठपर्यंत काही हललं नाही तर मुलाला मेसेज जातो. नागपुरात यात एक गोम आहे. खोलीच अंगाइतकी तापली की सेन्सरला माणूस आणि भिंत यांतला फरक नीट कळत नाही. उन्हाळ्यात एकट्या त्याच्यावर विसंबू नका, हे मी स्पष्ट सांगितलं. म्हणून शेजारणीकडे किल्ली, न्हाणीघरात धरायला दांडा आणि मदतीसाठी गळ्यात घालायचं बटण.

बटणावरून काकू भडकल्या. "गाय हाय का मी, गळ्यात घंटी बांधाले?" शेवटी त्यांनीच ते सेफ्टी पिनने पदराला लावलं.

टॉवेल अजून तिथेच आहे. मुलगा आता आधी फोन करतो. "थांब रे," म्हणत काकू टॉवेल काढतात. कधी कधी काढतही नाहीत.