राजवाडे, जुने वाडे आणि घरच्यांसोबत पायी फिरणं : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी सुरू झाली की घरच्यांना घेऊन कुठं चालायला जायचं याची पत्रं येतात आणि यंदा बहुतेक सगळी साताऱ्या-सांगलीकडचीच आहेत. ज्यात जुनं संस्थान, वाडा किंवा झाडीचा भाग आहे असे प्रश्न या वेळी घेतलेत.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा नऊचा आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. महाबळेश्वरची गर्दी नको. जुनं संस्थान, थोडं चालणं, थोडं बघणं असं एका दिवसात कुठं जमेल?

औंधला जा. मी तर डोळे झाकून औंधच सांगेन, कारण तिथं डोंगर, देऊळ, म्युझियम आणि गाव सगळं इतकं जवळजवळ आहे की ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्यानं चालावं आणि तरी सगळे परत एका ठिकाणी भेटतात. सांगलीहून विट्यावरून जाता येतं, फक्त सकाळी लवकर निघा, खटाव तालुक्यातलं ऊन थंडीतसुद्धा अकरानंतर चांगलंच लागतं.

आता क्रम सांगते. मूळपीठाच्या यमाईला पायऱ्या आहेत, भरपूर आहेत, पण गाडीरस्ताही वर जातो. म्हणून सासूबाईंना आणि धाकटीला गाडीनं वर न्या आणि नऊ वर्षांच्या मुलाला वडिलांबरोबर पायऱ्यांनी येऊ द्या, त्या वयात पोरांना असं वेगळं काहीतरी आपल्याला दिलंय म्हटलं की पाय दुखत नाहीत. वर देवळाला किल्ल्यासारखी तटबंदी आहे, तिथून खालचं गाव आणि सगळा माळ दिसतो. दर्शन झालं की उतरताना मध्येच श्री भवानी म्युझियम लागतं आणि खरा वेळ तिथं द्या.

हे म्युझियम औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली उभं केलं, स्वतः जमवलेल्या वस्तूंसाठी. राजे स्वतः चित्रकार होते. आत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, चंदनाचं आणि हस्तिदंताचं कोरीवकाम आहे आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं एक दगडी शिल्पसुद्धा आहे, खटावच्या माळावर! मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. चार वर्षांच्या मुलीला सगळी दालनं दाखवायच्या फंदात पडू नका, त्या आई-बाळाच्या शिल्पापुढं तिला उभी करा आणि आई कुठं, बाळ कुठं एवढंच शोधायला सांगा. तिथं ती तुमच्यापेक्षा जास्त वेळ थांबेल.

मोठ्याला सांगायला दोन गोष्टी आहेत. सूर्यनमस्कार शाळाशाळांतून पोचवणारे ते हेच राजे, तेव्हा म्युझियमच्या बाहेर सावलीत पाच-सात नमस्कार घालायला लावा, मजा येते. आणि दुसरी म्हणजे याच राजांनी 1939 मध्ये आपल्या हातातली सत्ता राज्यघटना करून प्रजेला देऊन टाकली, गांधीजींच्या सल्ल्यानं. नऊ वर्षांच्या मुलाला हे बरोबर समजतं, त्याला फक्त विचारा की तू राजा असतास तर दिलं असतंस का.

दुपारी खाली गावात जेवा, गावातल्या यमाईच्या देवळापुढची उंच दीपमाळ बघा आणि निघा. पौषात यात्रा असते, तेव्हा लहान मुलं घेऊन जाऊ नका. म्युझियमचा सुट्टीचा वार मात्र निघायच्या आधी विचारून घ्या, एवढ्या लांब जाऊन दार बंद दिसलं की पोरं हिरमुसतात.

आमचं बाळ आठ महिन्यांचं आहे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात आणि घाटावर बाबागाडी चालेल का?

नाही चालणार. वाड्यात उंबरे आहेत, चौकातून चौकात जायचं, एकूण सहा चौक, आणि मागच्या बाजूनं कृष्णेच्या घाटाला उतरायचं म्हणजे दगडी पायऱ्या. बाळाला सरळ कापडी झोळीत छातीशी बांधा, दोन्ही हात मोकळे राहतात. वाईपासून मेणवली अगदी जवळ आहे, त्यामुळे बाळाची झोपायची वेळ बघून निघालात तरी चालतं.

घाट मात्र चुकवू नका. हे गाव नानांना 1768 मध्ये मिळालं, देणाऱ्यांत औंधचे पंतप्रतिनिधीही होते, म्हणजे वरच्या उत्तरातलंच घराणं. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आहे आणि जवळच एका लहानशा बांधकामात मोठी घंटा टांगलीय, ती नीट जवळ जाऊन बघा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे आणि 1707 हे सालही आहे. चिमाजी अप्पांनी 1739 ला वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आणल्या, त्यातली ही एक. कृष्णेच्या काठावर महादेवाच्या शेजारी ती इतकी वर्षं आहे.

वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा जे दार उघडं असेल तिथंच जायचं आणि भिंतीवरच्या चित्रांना हात लावायचा नाही, मुलांनाही आधीच सांगून ठेवा. पावसाळ्यात घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर अजिबात उतरू नका, शेवाळ असतं आणि पाणी कधी वाढेल सांगता येत नाही.

लिंबची बारामोटेची विहीर लहान मुलांना दाखवायला सेफ आहे का? सासरे म्हणतात नको.

सासऱ्यांची काळजी बरोबर आहे पण जा, आणि त्यांनाही न्या. साताऱ्याहून पुण्याच्या बाजूला हायवे सोडून लिंबला आत वळायचं. नियम एकच, वर विहिरीच्या काठाशी प्रत्येक मुलाचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात पाहिजे, म्हणजे मुलं तीन तर मोठी माणसंही तीन. खोली सुमारे 110 फूट सांगतात, तिथं सेल्फीसाठी हात सोडायचा नाही म्हणजे नाही.

खरी गंमत जिन्यानं खाली उतरल्यावर आहे. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात ही बांधून घेतली, अष्टकोनी विहीर, पुढं आयताकृती विहीर आणि दोन्हींच्या मधे चक्क छोटा महाल! त्या महालात बसायची जागा आहे, खांबांवर कोरीवकाम आहे आणि बाहेर उन्हाचा कडाका असला तरी आत गारवा असतो. दगडावर वाघ-सिंहासारखा प्राणी आणि त्याच्या पंजात हत्ती असं शिल्प आहे, ते मुलांना स्वतः शोधू द्या, तुम्ही बोट दाखवू नका. वर मोटा ओढायच्या जागा अजून आहेत, एकाच वेळी बारा मोटा चालायच्या आणि त्या पाण्यावर आंब्याची बाग जगायची. ज्यांनी मोट प्रत्यक्ष चालताना बघितलीय असे आजोबा घरात असतील तर तुमच्या सासऱ्यांनाच बोलू द्या, गाइडची गरज नाही.

सागरेश्वरला आमचा कुत्रा नेता येईल का? घरातलाच आहे, बांधून ठेवू.

नाही नेता येणार, तो कितीही शहाणा असला तरी. ते अभयारण्य आहे, आत सांबर, चितळ, काळवीट आहेत आणि कुत्र्याच्या वासानंच हरणं बिथरतात. कुत्र्याला घरी कुणाकडं तरी ठेवा आणि तुम्ही जाच, कारण या उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून हे जंगल उभं केलंय, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. 1985 ला अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र 10.87 चौरस किलोमीटर, म्हणजे लहान आहे आणि कुटुंबाला तेवढं पुरे. सकाळी गेट उघडता उघडता आत शिरा आणि गप्पा कमी करा, तरच काही दिसेल. वरून कृष्णाकाठचा ऊस लांबवर पसरलेला दिसतो. पाणी घरून न्या, प्लॅस्टिक सगळं परत आणा. श्रावणात सोमवारी सागरेश्वराच्या देवळाला गर्दी असते, शांतपणे चालायचं असेल तर दुसरा वार बघा. परतताना देवराष्ट्रे गाव लागतं, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तिथं थोडं थांबा.

फलटणच्या राजवाड्यात फिरता येतं का? शूटिंग होतं असं ऐकलंय.

शूटिंग होतं, पण तो नाईक निंबाळकर घराण्याचा खासगी वाडा आहे, परवानगीशिवाय आत जायचं नाही. बाहेरून बघा, शेजारच्या श्रीराम मंदिरात निवांत बसा. पायी फिरण्यासाठी म्हणून एवढ्या लांब येऊ नका, दुसऱ्या कामानं आलात तर जरूर.

शाळा, क्लास यातून आम्हाला रविवारची संध्याकाळच मिळते. सांगलीतच काही आहे का?

आहे की! पटवर्धनांच्या संस्थानातलीच आमराई आहे, पाच वाजता जा, मुलांना मोकळं सोडा, मग कृष्णाकाठी गणपतीच्या देवळात आरतीला थांबा. भडंगाचा पुडा सोबत असू द्या, रात्रीचं जेवण उशिरा झालं तरी पोरं कुरकुरत नाहीत.