ब्लॅक फ्लॅगचा 'डॅमेज्ड' म्हणजे नुसता आरडाओरडा आहे का?

तुमचा प्रश्न असा की अकरावीतला मुलगा दिवसभर हाच अल्बम लावून बसतो. यात संगीत काही आहे का, आणि काळजी करावी का?

आरडाओरडा आहेच, नाही कशाला म्हणू! पण तो घोटून घोटून बसवलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या हर्मोसा बीचच्या या बँडचा हा पहिला पूर्ण अल्बम डिसेंबर १९८१ मध्ये आला. तोवर बँडला पाच वर्षं झाली होती आणि गायक चौथा चालू होता: हेन्री रोलिन्स, वय २०. काही महिन्यांपूर्वी हा पोरगा वॉशिंग्टनला आइस्क्रीमच्या दुकानात काम करत होता. गिटारवाला ग्रेग गिन तालमीच्या बाबतीत भलता कडक, रोज तासन्‌तास सगळ्यांना पिदडायचा. 'नो मोअर' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला बेस रेंगाळत येतो, मग वेग चढत जातो, चढत जातो आणि गाणं एकदम सुसाट सुटतं. हे सगळ्यांनी एका दमात करायचं म्हणजे हात बसलेला लागतो.

आता राग कुणावर? 'पोलिस स्टोरी'त उघडच पोलिसांवर. लॉस एंजेलिसचे पोलिस तेव्हा पंकचे, म्हणजे अशा धसमुसळ्या बंडखोर रॉकचे, कार्यक्रम बंद पाडायचे. 'टीव्ही पार्टी'त बिअर आणि टीव्हीपलीकडे काही न सुचणाऱ्या टोळक्याची टिंगल आहे, आणि ती स्वतःलाही त्यात धरून. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला मात्र राग आत वळतो. शेवटचं 'डॅमेज्ड वन' तर हार्डकोर, म्हणजे पंकचा आणखी वेगवान प्रकार, म्हणावं इतकं वेगवानही नाही. संथ, जड वाजतं आणि रोलिन्स त्यावर स्वतःलाच फाडून खातो. मला अल्बममधलं सगळ्यात अस्सल तेच वाटतं.

आईबाप या सगळ्यात जवळपास नाहीतच. तरी गंमत बघा, वितरण करणार असलेल्या एमसीए कंपनीच्या बड्या साहेबांनी अल्बम ऐकला आणि हा पालकविरोधी आहे म्हणून हात झटकले. बँडने त्यांचंच ते वाक्य स्टिकरवर छापून रेकॉर्डवर चिकटवलं! फुकटची जाहिरात. पुढे युनिकॉर्न या दुसऱ्या कंपनीशी कोर्टकचेरी झाली आणि त्यात बँडला बराच काळ स्वतःच्या नावाने रेकॉर्ड काढता येईना.

काळजीचं म्हणाल तर त्याला सहज विचारा, कुठलं गाणं जास्त लावतोस. 'टीव्ही पार्टी' म्हणाला तर खुशाल सोबत बसा, कोरसमध्ये ओरडायला माणसं लागतातच. फक्त कानातला आवाज तेवढा कमी करायला सांगा. पण दुसऱ्या बाजूची, 'डिप्रेशन' आणि त्यापुढचीच गाणी पुन्हा पुन्हा लावत असेल, शिवाय जेवण-झोप बिघडली असेल, मित्र तुटले असतील, तर अल्बमचं राहू द्या, त्याचं कसं चाललंय ते विचारा.