गाणं कोण म्हणतंय?

प्रिय,

मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा तुझा आराखडा वाचला. नाटककार, नाटक, साल. पुन्हा नाटककार, नाटक, साल. चुकीचं काही नाही, पण नाटक डोळ्यांपुढे उभं राहत नाही. एक करून बघ. प्रत्येक काळाला एवढंच विचार: रंगमंचावर गाणं कोण म्हणतंय?

१८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. पदं रचली भाव्यांनी, म्हणायचा सूत्रधार. पद संपलं की पात्रांनी आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं, राक्षसांनी आरडाओरडा करायचा. संहिता होती ती पदांचीच! (तंजावरच्या भोसले राजांकडे त्याच्या कितीतरी आधी मराठी नाटकं लिहिली गेली, हे तू तळटिपेत टाकलंयस. ते वर घे.)

१८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं आणि पदं पात्रांच्याच तोंडी गेली. बदल एवढासा वाटतो, पण आता दुष्यंत करणाऱ्याला गळाही हवा! नट निवडायची कसोटीच बदलली. पुढे बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर मिळाला की कथानक तिथेच थांबायचं, आणि प्रेक्षकांची त्याला हरकत नसायची. माझी थोडी आहे, ते असो.

खाडिलकरांचं ‘कीचकवध’ (१९०७) मात्र गद्य. कीचकात लोकांना हिंदुस्थानचा माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. वन्समोअरने तुटत जाणाऱ्या नाटकात एवढी चीड साठली नसती, असं मला वाटतं. पटलं नाही तर खोडून काढ.

बोलपट आले, गाणं तिकडे स्वस्तात मिळू लागलं, नाटक कंपन्या मोडकळीला आल्या. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’त पदं मोजकीच आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडे. इथे रेंगाळू नकोस, यावर भरपूर लिहून झालंय.

‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) दोनदा वाच, जमलं तर चित्रीकरणही बघ. ओळीने उभ्या माणसांची भिंत गाते, डुलते, मध्येच पाठमोरी होते. भाव्यांचा सूत्रधार कथा पुढे न्यायला गायचा. ही भिंत मागे चाललेलं झाकायला गाते. तुझ्या विषयाचा कस लागेल तो इथे. म्हणून हे शेवटचं प्रकरण आधी लिहून पाठव, तंजावरचं मागाहून चालेल.