दीड महिन्याच्या बाळासाठी बाबागाडी घ्यावी की स्लिंग? घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

आत्ता स्लिंगच घ्या, जिने चढताना बाबागाडीचं ओझंच होईल. फक्त झोळीसारखी खोल पिशवी अजिबात नको. या वयात मान धरलेली नसते. बाळ आत मुटकुळं होऊन पडलं की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट दबते, तेही रडण्याचा आवाज न होता. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० मध्ये ४ महिन्यांपेक्षा लहान बाळांसाठी स्लिंग जपून वापरण्याचा इशारा दिला, त्यात हेही कारण होतं. बाळ उभं, छातीशी घट्ट बांधा आणि दर वेळी बघा:

- मान वाकवली की टाळूची पापी घेता येते
- चेहरा दिसतो, नाकावर कापड नाही
- हनुवटीखाली बोट सहज जातं
- गुडघे ढुंगणापेक्षा वर, पाय बेडकासारखे (खुब्यासाठी हे महत्त्वाचं)

पुढे गाडी घेतलीत तर बाळ आधाराशिवाय बसेपर्यंत पाठ पूर्ण सपाट होणारीच घ्या, आणि उन्हात तिच्यावर दुपटं टाकू नका, आत फार तापतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, तर मात्र स्लिंगआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. स्लिंग बांधून स्कूटरवर तर कधीच बसू नका.