वाड्याचा करार: सात महिने गेले, एक उरला

ओस पडलेला वाडा १५ वर्षांच्या भाड्याने घेतला, तुळया बदलल्या, कौलं शाकारली, ओसरीवर अभ्यासिका सुरू केली, माडीवर पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. आणि आता मालकांचा मुलगा म्हणतो, वाडा रिकामा करा. अशी पत्रं हल्ली वरचेवर येतात. तुमच्या पत्रात वाड्याचं वर्णन दीड पान आहे आणि कराराबद्दल एकच ओळ: ‘सात महिन्यांपूर्वी पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या, नोटरीही केली.’

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी अधिनियम, १९०८च्या कलम १७ प्रमाणे दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो. नोटरीच्या शिक्क्याने ते भागत नाही. नोंदणीशिवाय तुमची १५ वर्षं कोर्टात शाबीत होणार नाहीत. तुम्ही महिन्यामहिन्याचे भाडेकरू ठराल, आणि तशा भाडेकरूची भाडेदारी १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. भाडे नियंत्रण कायदा तुमच्या गावाला लागू असेल तर थोडं संरक्षण मिळेल; त्यावर विसंबू नका. सागवानाचा भाव चार ठिकाणी विचारलात, करार एका तरी वकिलाला दाखवायचा होतात.

आता मुदतीचं. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत सादर करायचा असतो. ते तुम्ही घालवलेत. कलम २५ आणखी चार महिने देतं, पण तातडीची गरज किंवा न टाळता येणारी अडचण दाखवून, आणि नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत दंड भरून. ‘कामाच्या गडबडीत राहून गेलं’ हे कारण अर्जात लिहू नका. मुद्रांक शुल्क कमी पडलंय, तेही दंडासह भरावं लागेल. आठ महिने उलटले की निबंधकांनाही काही करता येत नाही.

मालक स्वतः गप्प आहेत म्हणता. आजच्या तारखेच्या नव्या दस्तावर त्यांनी सही केली तर उशिराचा प्रश्नच मिटतो. पण त्या आशेवर महिना काढू नका, जुना दस्त याच आठवड्यात सादर करा. ते तुम्हाला एकट्यालाही करता येतं. मालकांना हजर राहण्यासाठी समन्स काढवता येतं. ‘ही सही माझी नाहीच’ असं त्यांनी म्हटलं तर मात्र नोंदणी अडेल, आणि पुढच्या तारखा मोजायला मला सांगू नका.

मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) आणखी हिस्सेदार आहेत का, ते कागद पाहिल्याशिवाय बोलत नाही. शंभर मीटरच्या आत केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते, तेही तपासा. भाडं बँकेतूनच भरा. आणि नोंदणी होईपर्यंत वाड्यात एक खिळाही नवा ठोकू नका.