बेअर्स आणि पॅकर्स: इतिहासाचा कल पाहून पैसे लावावेत का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या शिकागो बेअर्स आणि ग्रीन बे पॅकर्स यांच्यातील जुन्या चुरशीचा इतिहास काय आहे, आणि त्या इतिहासातले कल पाहून पैसे लावले तर फायदा होतो का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देते, कारण त्यावरून आमच्या घरात बराच काळ वाद चालू आहे. फायदा होत नाही. ज्यांना तो झाल्यासारखा वाटतो, त्यांनी वर्षाचा पूर्ण हिशेब कधी मांडलेला नसतो.

मी शिकागोच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहते आणि विमा कंपनीत हप्त्यांचे दर ठरवण्याचे काम करते. माझ्या नणंदेचे यजमान मिलवॉकीला असतात आणि पॅकर्सचे कट्टर चाहते आहेत. त्यांच्या विस्कॉन्सिन राज्यात २०२४ मध्ये मूलनिवासी जमातींच्या कसिनोंपुरताच क्रीडासट्टा कायदेशीर होता. आमच्या इलिनॉयमध्ये मात्र तो मार्च २०२० मध्ये सुरू झाला आणि २०२२ पासून कसिनोत न जाता फोनवरच खाते उघडता येऊ लागले. राज्याची सीमा ओलांडली की ॲप पैसे स्वीकारू लागते, आणि आमचे घर त्या सीमेच्या अलीकडे आहे. रविवारी आमच्याकडे येण्याची भाऊजींची ओढ तेव्हापासून एकाएकी का वाढली, हे सासूबाई सोडून आम्हा सर्वांना ठाऊक होते.

त्यांचा सिद्धांत असा, की पॅकर्स बेअर्सविरुद्ध हरत नाहीत, म्हणून या सामन्याला डोळे मिटून पॅकर्सवर पैसे लावावेत. त्यांच्या बाजूचा पुरावा लेचापेचा नव्हता, हे मी नाकारत नाही. सप्टेंबर २०१९ पासून जानेवारी २०२४ पर्यंतचे दहाही सामने पॅकर्सने जिंकले, आणि नुसते जिंकले नाहीत, तर दर वेळी बाजाराने लावलेला स्प्रेडही (पैज कंपन्यांनी धरलेला गुणांचा फरक) कव्हर केला, म्हणजे त्याहून सरस निकाल दिला. २०२४ च्या गणपतीच्या जेवणाला, हंगाम नुकताच सुरू होत असताना, मी त्यांना एवढेच म्हटले की जो कल सगळ्या जगाला ठाऊक झाला आहे, तो भावात धरलेला असतो. त्यावर ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वहिनी, हे तुमच्या ऑफिसातलं गणित नाही. हा फुटबॉल आहे.” सासूबाईंनी लगेच त्यांच्या पानात आणखी एक मोदक वाढला. जावयासमोर सुनेने वाद वाढवायचा नसतो, म्हणून मी गप्प बसले.

त्या वर्षीचा पहिला सामना १७ नोव्हेंबरला बेअर्सच्या सोल्जर फील्डवर होता. भाऊजींनी पॅकर्स उणे साडेपाच असा भाव घेतला होता, म्हणजे पॅकर्स सहा किंवा अधिक गुणांनी जिंकले तरच पैसे मिळणार होते. बेअर्सने त्याच आठवड्यात आक्रमणाच्या प्रशिक्षकाला काढून टाकले होते, त्यामुळे या संघात आता काही राम उरलेला नाही, असे त्यांचे मत होते. प्रत्यक्षात बेअर्स १९–१४ असे पुढे गेले. सुमारे तीन मिनिटे उरली असताना पॅकर्सच्या जॉर्डन लव्हने एका यार्डावरून स्वतःच चेंडू घेऊन मुसंडी मारली आणि पॅकर्स २०–१९ असे पुढे आले. त्यानंतर जादा दोन गुणांसाठी केलेला प्रयत्न फसला. तो साधला असता तरी आघाडी तीन गुणांचीच झाली असती, म्हणजे भाऊजींच्या पैजेत तिथेच जवळजवळ दम राहिला नव्हता. मग बेअर्सने चेंडू पुढे आणला, प्रशिक्षकाने हाताशी वेळ असूनही आणखी यार्ड मिळवण्याऐवजी घड्याळ संपू दिले, आणि शेवटच्या क्षणी बेअर्सचा कायरो सँटोस तीन गुणांसाठी ४६ यार्डांची किक मारायला उभा राहिला. ती पॅकर्सच्या कार्ल ब्रूक्सच्या हाताला लागून अडली. माझ्या यजमानांनी सोफ्यावरची उशी भिंतीवर आपटली; भाऊजी खोलीभर नाचले.

मी विचारले, “भाऊजी, किती मिळाले?”

त्यांनी फोन काढला, पाहिला आणि पुन्हा खिशात ठेवला. किक आत गेली असती तर बेअर्स दोन गुणांनी जिंकले असते, अडली म्हणून पॅकर्स एका गुणाने जिंकले. दोन्ही बाजूंनी भाऊजींचे पैसे बुडालेलेच होते. ज्या किकने साऱ्या शिकागोचा रविवार नासवला, तिचा त्यांच्या पैजेशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही त्यांना झालेला आनंद अगदी खरा होता, आणि इतिहासाचा कल पाहून पैसे लावणारे बहुतेक लोक नेमके हेच करत असतात, असे माझे मत आहे. ते आपल्या संघाच्या जिंकण्याला पैसे देतात आणि त्याला अभ्यास म्हणतात.

पुढचा सामना ५ जानेवारी २०२५ रोजी पॅकर्सच्या लॅम्बो फील्डवर झाला. बाजाराच्या अंदाजाने पॅकर्स जवळपास दहा गुणांनी जिंकणार होते. शेवटच्या क्षणी त्याच सँटोसने ५१ यार्डांवरून किक आत घातली आणि बेअर्स २४–२२ असे जिंकले. सलग अकरा पराभवांची मालिका तिथे तुटली. म्हणजे दहा वेळा फळलेला कल ज्या हंगामात सर्वांच्या तोंडी होता, त्याच हंगामात त्याच्यावर विसंबलेल्यांनी दोन्ही वेळा पैसे घालवले. भाऊजी त्या रविवारी आले नव्हते. नणंदेला सर्दी होती म्हणे.

आता इतिहासाविषयी. हे दोन संघ पहिल्यांदा १९२१ मध्ये भिडले. तेव्हा बेअर्सचे नाव स्टेलीज होते आणि त्यांनी २०–० असा विजय मिळवला. बेअर्सचे जॉर्ज हालास आणि पॅकर्सचे कर्ली लॅम्बो यांच्यातली स्पर्धा कडवी होती, पण ग्रीन बेमध्ये नवे मैदान बांधण्यावर १९५६ मध्ये मतदान होणार होते, तेव्हा त्या बाजूने बोलायला खुद्द हालास तिथे गेले होते, कारण ते लहान गाव लीगमधून बाहेर पडले तर आपलेही नुकसान आहे, हे त्यांना कळत होते. पुढच्या वर्षी त्या मैदानाचे उद्घाटन बेअर्सविरुद्धच झाले आणि पॅकर्सने तो सामना जिंकला.

सट्ट्याचा या चुरशीशी संबंध आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे. एप्रिल १९६३ मध्ये पॅकर्सचा पॉल हॉर्नंग सामन्यांवर पैसे लावल्याबद्दल निलंबित झाला आणि त्या हंगामाला मुकला. पॅकर्स सलग तिसऱ्या विजेतेपदाच्या मागे होते. त्या हंगामात ते फक्त दोन सामने हरले, आणि दोन्ही बेअर्सकडून. विजेतेपदही बेअर्सनेच नेले. दुसरे उदाहरण १९८५ चे. तीनशे पौंडांच्या वरच्या विल्यम पेरीला बेअर्सने ऑक्टोबरात पॅकर्सविरुद्ध चेंडू देऊन टचडाउन (चेंडू विरोधकांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन मिळणारे सहा गुण) करवला, आणि तो रातोरात देशाचा लाडका झाला. पुढे सुपर बोल या अंतिम सामन्याच्या वेळी ‘पेरी टचडाउन करेल का’ यावर लास व्हेगसमध्ये वेगळी पैज निघाली. सुरुवातीला एकास वीस असा भाव होता. लोकांनी इतके पैसे ओतले की भाव कोसळला, पेरीने टचडाउन केला आणि कसिनोंना हात पोळून घ्यावे लागले. आज ॲपवर दिसणाऱ्या शेकडो फुटकळ पैजांची लोकप्रियता बरेच जण तिथपासून मोजतात.

‘इतिहास पॅकर्सच्या बाजूने आहे’ हे वाक्य मी जेव्हा ऐकते, तेव्हा विचारते की कोणता इतिहास. १९३३ पासून २०१७ पर्यंत एकूण विजयांत बेअर्स कधीच मागे नव्हते. १९९२ मध्ये, म्हणजे ब्रेट फाव्र ग्रीन बेला आला त्या वर्षी, इतिहास पाहून पैसे लावणाऱ्याने बेअर्सवरच लावले असते आणि पुढच्या तीस वर्षांत घर विकले असते. त्या काळात पॅकर्सकडे आधी फाव्र आणि मग ॲरन रॉजर्स असे दोनच मुख्य क्वार्टरबॅक (पास फेकणारे, आक्रमणाचे सूत्रधार) झाले. बेअर्सकडे किती आले आणि किती गेले, याची गणती त्यांच्या चाहत्यांनीही सोडून दिली होती. त्या निकालांचे कारण हे होते. गणवेशाचा रंग आणि शंभर वर्षांची परंपरा यांनी एकही पास पूर्ण केलेला नाही. आणि मालिका जेव्हा तुटते तेव्हा ती विचारून तुटत नाही: १९९४ पासून पॅकर्सने सलग दहा सामने जिंकले होते, आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये, बेअर्सचा जुना खेळाडू वॉल्टर पेटनच्या निधनानंतर लगेचच्या रविवारी, बेअर्सने शेवटची किक अडवून १४–१३ असा सामना लॅम्बो फील्डवर जिंकला.

ऑफिसातले गणित इथेच लागते, म्हणून ते थोडक्यात मांडते. शंभर डॉलर मिळवण्यासाठी एकशे दहा लावावे लागतात, त्यामुळे नुसते बरोबरीत राहण्यासाठी ५२.३८ टक्के पैजा जिंकाव्या लागतात. हे संघ हंगामात साधारणपणे दोनदा भेटतात, म्हणजे वीस सामन्यांचा नमुना जमवायला दहा वर्षे लागतात, आणि तेवढ्यात खेळाडू, प्रशिक्षक आणि कधी नियमही बदललेले असतात. आता सगळे निकाल निव्वळ नाणेफेकीने लागतात असे धरा. वीस फेकांत चौदा किंवा अधिक वेळा एकाच बाजूचा कौल पडण्याची शक्यता सुमारे साडेअकरा टक्के येते. लीगमध्ये एकाच विभागातल्या, दरवर्षी दोनदा भेटणाऱ्या ४८ जोड्या आहेत. म्हणजे काहीही कारण नसताना पाच-सहा जोड्यांमध्ये ‘जबरदस्त कल’ दिसणारच. सलग दहांची मालिका त्याहून दुर्मीळ खरी, पण इतक्या जोड्या आणि इतकी दशके चाळली तर तीही कुठे ना कुठे सापडते. जी सापडते ती मथळ्यात जाते, बाकीच्यांची कोणी यादी करत नाही. आमच्याकडे एखाद्या तालुक्यात सलग तीन वर्षे दावे आले नाहीत म्हणून कोणी हप्ता निम्मा करू लागला, तर त्याला दुसऱ्या दिवशी नोकरी शोधावी लागेल.

काही गोष्टी न सांगणे बरोबर होणार नाही. मी बेअर्सच्या घरात राहते, तेव्हा पॅकर्सविषयीच्या माझ्या सुरातून तेवढे वजा करावे. पैजा लावून सातत्याने कमावणारे लोक आहेत, पण ते वेगवेगळ्या कंपन्यांचे भाव ताडून पाहतात आणि उणे साडेतीनऐवजी उणे अडीच मिळाले तरच हात घालतात, कारण या खेळात तीन आणि सात गुणांच्या फरकाने संपणारे सामने सर्वांत जास्त असतात. १९४१ मध्ये कोण जिंकले, हे ते पाहत नाहीत. सोल्जर फील्डवर थंडीपेक्षा वारा अधिक पाहावा, कारण तो किक आणि लांब पास दोन्ही बिघडवतो; मात्र तो अंदाजही बाजाराकडे आपल्या आधी पोहोचलेला असतो. आणि आपण भारतातून विचारत असाल, तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, त्यामुळे आपल्यापुरता हा प्रश्न तिथेच संपतो.

अमेरिकेत असाल आणि कोणी आपल्याला अकरा विजयांची गोष्ट सांगून पैसे लावायला लावत असेल, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. करभरणीसाठी इथल्या ॲपमधून वर्षभराच्या जिंकण्या-हरण्याचा एकत्रित उतारा काढता येतो. तो दाखवा म्हणावे. भाऊजींकडे मी दोन दिवाळ्या मागितला. अजून आलेला नाही.